अजून न लिहिलेलं

वीज गेली की अप्पा पंख्याकडे बघतात आणि मी श्वास धरते. पाती फिरत फिरत दमतात, हळूहळू एकेक वेगळं दिसायला लागतं, आणि तेवढा वेळ आमच्या घरात कुणीच बोलत नाही. तंजावुरात वीज जाण्याचं कुणाला नवल नाही. महिन्यातून एकदा ती आधी सांगून जाते आणि वाऱ्यापावसाच्या दिवसांत न सांगता जाते. माणसं ओट्यावर येऊन बसतात, ताटाने वारा घेतात, आणि ती परत आली की काही झालंच नाही अशा थाटात आत जातात. मला ते जमत नाही. जित्याची खोड म्हणतात तसं माझं झालं आहे.

लोकांनी साठवलेलं साठवलेलंच राहील हे बघणं, हे माझं काम. चेन्नईतल्या एका कंपनीसाठी मी ते घरी बसून करते. आमच्या या धंद्यात एक गोड थाप आहे, ती आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण एखादी गोष्ट जपून ठेवायला सांगतो आणि यंत्र लगेच म्हणतं, ठेवली. खरं तर त्या गोष्टीने अजून डिस्कवर पाय ठेवलेला नसतो. डिस्क बिचारी सावकाश चालणारी, म्हणून मध्ये एक कार्ड बसवलेलं असतं. ते आलेलं सगळं आपल्या स्मृतीत धरून ठेवतं, वर ‘लिहिलं’ म्हणून कळवतं, आणि डिस्कला सवड झाली की खाली उतरवतं. आमचे अप्पा असंच करतात. गोळी घेतली का विचारलं की खुर्चीतूनच ‘झालं’ म्हणतात, आणि गोळी मुठीत असते. बहुतेक वेळा ते नंतर घेतातही. पण मध्येच कुणी आलं, गप्पा रंगल्या, की गोळी कुठे जाते ते देवाला ठाऊक.

यंत्राच्या बाबतीत मध्येच येणारी ती वीज, किंवा तिचं जाणं. ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं मग कुठेच नसतं. त्यावर उपाय म्हणून त्या कार्डाला एक छोटी बॅटरी जोडतात. त्या बॅटरीने यंत्र चालत नाही, पंखा फिरत नाही, पडदा उजळत नाही. ती फक्त तेवढी स्मृती जागी ठेवते. आणि आत अजून न लिहिलेलं काही आहे तोवर कार्डावरचा एक बारीक पिवळा दिवा लुकलुकत राहतो. वीज आली की कार्ड आधी ते उरलेलं डिस्कवर उतरवतं, मग दिवा विझतो. हा दिवा मी आयुष्यात फार वेळा पाहिलेला नव्हता. तो पाहायची पाळी येऊ नये म्हणूनच मला पगार मिळतो.

कंपनीने मोडीत काढलेला एक जुना सर्व्हर मी घरी आणला होता. आकाराने मोठ्या ट्रंकेएवढा, आणि चालू झाला की असा फुरफुरतो की अप्पांनी त्याचं नाव म्हैस ठेवलं. उन्हाळ्यात तापतो म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण मी कधी बसवलंच नाही. घरातले फोटो, अप्पांच्या कालवे खात्यातले जुने नकाशे, लग्नामुंजींची चित्रणं, सगळं त्या म्हशीच्या पोटात आहे.

अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, तिरुवैयारूत नदीजवळ एकटी राहते आणि मुलींना गाणं शिकवते. रोज सकाळी पहिल्या डिकाक्शनची कॉफी झाली की तिचा फोन यायचा. नेहमी तीच करायची. अप्पांनी स्वतः होऊन कधी नंबर फिरवलेला मला आठवत नाही. ‘तंबी’ म्हणून ती सुरुवात करायची. तंबी म्हणजे धाकटा भाऊ, आणि हा तंबी सत्तरी ओलांडलेला, कानात केस आलेला. बोलणं काय असायचं? वांगी कशी मिळाली, नदीला पाणी सोडलं की नाही, कोण गेलं, कोणाच्या पोरीचं जमलं. पण ते आमच्या मराठीत असायचं, आणि त्यातच सगळं होतं.

आमचं मराठी ही एक अजब वस्तू आहे. कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आलेलं, इथल्या कॉफीत आणि चिंचेच्या कोळात मुरलेलं. गल्लीत आम्ही तमिळ बोलतो, कामावर इंग्रजी. मी अप्पांशी मराठीच बोलते, पण माझं मराठी झिजलेलं. देवनागरी तर मी मोठेपणी शिकले. माझ्या चेन्नईच्या भाच्यांना सगळं कळतं आणि उत्तर तमिळमध्ये येतं. अप्पांचं अख्खं मराठी, त्यातल्या शिव्या, लाड आणि टोमणे यांच्यासकट, फक्त त्या सकाळच्या फोनवर बाहेर पडायचं. मी आतल्या खोलीत अर्धवट झोपेत ते ऐकायची. शब्द कळायचे नाहीत, नुसता सूर यायचा, वर जाणारा, खाली येणारा, मध्येच हसण्यात बुडणारा. कधी वाटायचं मी लहान आहे आणि बाहेर अजून आजी-आजोबा बोलत बसले आहेत. इतकी सुखाची झोप मला नंतर कुठेही लागली नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी आत्याच्या गळ्यात गाठ निघाली. काढायला हवी होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आवाजाची नस गाठीला लागूनच गेली आहे, सांभाळायचा प्रयत्न करू, पण भरवसा देता येत नाही. विजयादशमीच्या दुपारी दाखल व्हायचं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. आत्याने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “तुझ्या म्हशीत माझा एक पाळणा भरून ठेव गे. बाकीचं गाणं पोरींच्या गळ्यांत आहे, हे कुठेंच नाहीं.”

हा पाळणा आमच्या घरातला. आत्याला तिच्या आजीने शिकवलेला. शब्द मराठी, म्हणून तिच्या शिष्यांच्या उपयोगाचा नाही, आणि घरात तो म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यातले कित्येक शब्द मला अजून कळत नाहीत. महाराष्ट्रातल्या एका ओळखीच्या बाईंना मी एकदा विचारले होते, त्यांनाही कळले नाहीत.

विजयादशमीच्या आदल्या दिवशी, सरस्वतीपूजेच्या सकाळी आत्या बसने आली. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं, वाद्यं, हत्यारं, कामाची सगळी साधनं पूजेत ठेवतात. मुहूर्त लागला की ती निजली. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होऊन ती उठवेपर्यंत कुणी वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाद्याला हात लावायचा नाही. आत्या तर त्या दिवशी गुणगुणतसुद्धा नाही. म्हणून तिला मुहूर्ताच्या आधी गाऊन, परत घरी जाऊन आपला तंबुरा निजवायचा होता.

मी माईक लावला. हॉलमधल्या नवरात्राच्या कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या होत्या, प्रसादाच्या सुंडलासाठी शिजवलेल्या चण्यांचा वास घरभर होता. आत्या खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली. डोळे मिटून तिने सूर लावला आणि मला वाटलं खोलीतला उजेड थोडा मंदावला. पाळणा संथ होता. एकेका ओळीनंतर ती इतकी थांबायची की संपलं असं वाटावं, आणि मग दुसरी ओळ दुरून, पाण्यावरून यावी तशी यायची. मधल्या त्या जागांत मला आमच्या जुन्या घराची गच्ची दिसली, आई दिसली, वाळत घातलेले वडे दिसले. गाण्यात यातलं काहीच नव्हतं. मी सात्त्विक वगैरे बाई नाही, मला भजनात जांभया येतात. पण त्या वेळी मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

संपलं तेव्हा तिचा आवाज बसला होता. “पुन्हा नाहीं जमायचं,” ती गळ्याला हात लावून म्हणाली. “एवढंच होतं ते.”

तिला जायची घाई, म्हणून मी तशीच रिक्षा बघायला धावले. सरस्वतीपूजेला रिक्षा मिळवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. सगळे रिक्षावाले आपापल्या गाड्या धूत होते, हार घालत होते, पुढे केळीची रोपटी बांधत होते. आज गाडीची पूजा, ताई, म्हणून प्रत्येकाने हात जोडले. शेवटी एकाची पूजा सकाळीच उरकली होती, तो आला. मी परतले तेव्हा आत्या चपला घालून दारात उभी होती. माझ्या गालाला हात लावून ती त्या केळीच्या पानांमागे बसली आणि गेली.

आत आले तर म्हैस गप्प. अप्पा ओल्या फडक्याने तिची पाठ पुसत होते. तारा काढून, गुंडाळून, बाजूला ठेवलेल्या. यूपीएससुद्धा बंद, त्याचं बटण कसं दाबून धरलं की त्याचं ओरडणं थांबतं हे अप्पांना पक्कं ठाऊक आहे, दर वर्षी ते तेच करतात. चंदनाचा टिळा लागला होता, वर कुंकू. त्यांची जुनी मोजपट्टी, माझा लॅपटॉप, स्वयंपाकघरातली कात्री, सगळी मंडळी रांगेत बसली होती.

“अप्पा, रेकॉर्डिंग चालू होतं!”

“गाणं तर झालं होतं की.”

“गाणं झालं होतं, पण यंत्र चालूच होतं. तुम्ही बंद करेपर्यंत ते भरून घेत होतं.”

अप्पांचा हात थांबला. “बंद करेपर्यंत?” त्यांनी विचारलं. “अस्कं?”

“अस्कं,” मी म्हटलं. म्हणजे सगळं. आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीज जाते म्हणून मी जन्मभर काय काय बंदोबस्त केले होते. घरातलाच माणूस फडकं घेऊन येईल याचा बंदोबस्त कुठल्याच कंपनीने काढलेला नाही. उघड्या बाजूने मी आत वाकून पाहिलं. अंधारात तो पिवळा दिवा होता. लुकलुकला, विझला. बराच वेळ काही नाही. पुन्हा लुकलुकला.

त्याचा अर्थ मला लगेच कळला. त्या सकाळी डिस्का आपली महिन्याची तपासणी करण्यात गुंतल्या होत्या, म्हणून कार्डाने बरंच काही मागे ठेवलं होतं. त्यात काय काय अडकलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. गाणं खाली उतरलं असलं तरी ते कुठे ठेवलं आहे त्याचा पत्ता त्या स्मृतीतच असू शकत होता, आणि पत्ता गेला की गाणं असून नसल्यासारखं. बॅटरी यंत्राइतकीच जुनी, तशी आता बनतही नाही. नवी असती तर दोन-तीन दिवस तगली असती. ही किती तगेल? मी जोशी नव्हे.

“पाच मिनिटं चालू करते,” मी म्हटलं. “ते लिहून होईल, की लगेच बंद.”

“नक्को,” अप्पा म्हणाले. “पूजेंत ठेवलं. आता सकाळीं.”

“सकाळपर्यंत ते मरेल, अप्पा! आत्याचा आवाज आहे तो!”

“पूजेंत ठेवलेलं उठवत नाहींत.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी नाही नाही ते बोलले. सरस्वतीला कळेल, तुम्हाला कळत नाही, असंही बोलले. अप्पांनी उलट शब्द काढला नाही. एरवी ते असे ऐकून घेणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी पाट ओढला आणि त्या उघड्या बाजूसमोर बसले.

मी आत्याला फोन लावला. आवाज ज्याचा, त्यानेच ठरवावं. ती घरी पोचली होती, तिचा आवाज कागद घासल्यासारखा येत होता. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “ठेव गे तसंच. माझा तंबुराही निजलाय. त्याला एकट्याला कशाला उठवायचं?”

“आणि गेलं तर?”

“गेलं तर गेलं. तू अशी रडूं नको.” मग थोडं थांबून, “तुझा अप्पा काय करतोय?”

“दिव्यासमोर बसलेत.”

“बसूंदे,” म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या दुपारसारखी दुपार मी पुन्हा पाहिली नाही. लिहायचं नाही, वाचायचं नाही, यंत्रांना हात लावायचा नाही. काम करायला घरात काहीच उरलं नव्हतं. राग किती वेळ धरणार? तोही दमतो. मी अप्पांच्या शेजारी जाऊन बसले. बाहेर ऊन पांढरं झालं, मग पिवळं. कुठल्याशा घरातून घंटा वाजायची आणि थांबायची. कापराचा धूर खोलीत एका उंचीवर येऊन थांबला होता, हलतच नव्हता. आम्ही दोघं त्या दिव्याकडे बघत होतो. तो लागला की अप्पांच्या चष्म्यात एक ठिपका उमटायचा. मधला वेळ लांबतोय का? मला तसं वाटायचं, मग वाटायचं नाही. हळूहळू मी त्याच्या चालीने श्वास घ्यायला लागले. डोळे मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांआड पाळण्याची पहिली ओळ यायची, दुसरी यायची नाही. एकदा जागी झाले तर माझं डोकं अप्पांच्या खांद्यावर होतं आणि ते अगदी न हलता बसले होते.

“आहे की?” मी विचारलं.

“आहे,” ते म्हणाले.

संध्याकाळी शेजारच्या मामी हळदीकुंकवाला आल्या, त्यांनीही वाकून पाहिलं. पाळण्यातलं मूल बघून झाल्यावर बायका जशा हळू पावलांनी मागे सरतात, तशा त्या सरल्या. त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

मी जेवले आणि झोपलेही, कारण दिव्याकडे पाहत बसून बॅटरी टिकत नाही, हे तरी मला कळतं. सकाळी जाग आली ती कसलीतरी उणीव जाणवून. उजाडत होतं, कॉफीचा वास होता, आणि बाहेरून सूर येत नव्हता. फोन वाजलेला नव्हता. दाखल व्हायच्या दिवशी सकाळपासून बोलायचं नाही असं डॉक्टरांनी आत्याला बजावलं होतं, ती ठरलेलीच गोष्ट. तरी मी अंथरुणात तशीच पडून वाट पाहत राहिले.

हॉलमध्ये अप्पा अंघोळ करून पाटावर बसले होते. फुलं सुकली होती. मी आत वाकले. काही नाही. वाट पाहिली. काही नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात दिवा लागला. इतका पुसट, की एकटी असते तर विश्वास ठेवला नसता. पण अप्पांनीही पाहिला होता.

मग पुन्हा पूजा. अप्पांनी ती इतक्या सावकाश केली की मला त्यांच्या हातातून निरांजन ओढून घ्यावंसं वाटलं. शेवटी त्यांनी मोजपट्टी एकदा उघडून मिटली, मला म्हणाले, “उठव आता.” मी तारा जोडल्या. म्हैस फुरफुरली, धुळीचा आणि चंदनाचा गरम वास आला, पडद्यावर ओळी धावल्या. त्यांतल्या एका ओळीत कार्डाने कळवलं की न लिहिलेलं काही सापडलं आहे आणि ते लिहीत आहे. मी पडद्याला नमस्कार केला. कुणाला हसायचं असेल तर हसा.

फाइल नीट बंद न झाल्याची तक्रार झाली, ती दुरुस्त केली, आणि पाळणा सुरू झाला. सगळा होता. प्रत्येक ओळ, प्रत्येक थांबणं. शेवटी आत्याचं “एवढंच होतं ते.” माझी पावलं, दार. अप्पांनी हात पुढे केला. “पुरे आता,” म्हणाले. “मिळालं की.”

मी थांबवलं नाही. कार्डाने किती धरून ठेवलं ते मला बघायचं होतं, धंद्याची खोड दुसरं काय. थोडा वेळ नुसती खोली ऐकू येत होती. मग भांड्याचा आवाज, आणि दोघांचं बोलणं.

“वाटेंत खायला सुंडल देऊं?”

“नको. तूं बैस.” तो आत्याचा बसलेला आवाज. मग, “तंबी, आवाज गेला तर सकाळीं फोन कोण करील?”

भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

“मी काय बोलणार मग? तूं करशील की? नाहीं म्हणजे, अस्की पोरं तमिळच बोलतात. आपलं तूं कोणासंगं बोलशील रे?”

खुर्ची सरकल्याचा आवाज. खोकला, अप्पांचा. पावलं जवळ येतात. आणि तिथे संपलं.

मला हिशोब कळायला वेळ लागला नाही. पाळणा कधीच डिस्कवर पोचला होता, त्याचा पत्ताही. दिवा गेला असता तरी तो बहुधा मिळालाच असता. आदल्या दिवसापासून त्या मरतुकड्या बॅटरीने जे जागं ठेवलं होतं ते हे शेवटचं बोलणं होतं, एवढंच.

अप्पा खिडकीशी उभे होते, पाठ माझ्याकडे.

“काय सांगितलंत तुम्ही तिला?” मी विचारलं.

“काय सांगणार?” ते म्हणाले. “कांहीं सुचलं नाहीं. उठलों, स्विच बंद केला.” आणि मग, स्वतःशीच बोलल्यासारखं, “मुहूर्ताला अजून वेळ होता.”

मी त्यांच्याजवळ गेले नाही. जायला हवं होतं की नको, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात माणसं एकमेकांना मिठ्या मारत नाहीत. मी त्यांच्यासाठी कॉफी गरम केली.

शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ गेली, आणि आवाजही गेला. उरली ती नुसती हवा. येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले, काहींचा येतो. आत्या रुग्णालयात आमच्याकडे बघून हसायची, हाताने बोलायची. अप्पा तिच्या उशाशी बसायचे आणि तिच्यासारखेच गप्प राहायचे. दोघांकडे बघून मला चीड यायची आणि रडू यायचं, दोन्ही एकदम.

ती तिरुवैयारूला परतली. तिला सोबत म्हणून तिची एक शिष्या राहायला आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत जागी होते. कॉफी झाल्याचा आवाज आला. पेला ठेवल्याचा. मग काहीच नाही, खूप वेळ. आणि मग फोनची बटणं, एकेक, थांबत थांबत. मी उठून दारात आले. अप्पांनी फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला होता आणि त्याकडे ते पाठ केलेलं म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे बघत होते.

“अक्का, मी,” ते म्हणाले.

तिकडून श्वास ऐकू आला.

“तूं विचारलं होतंस. सांगायचं राहिलं.” त्यांनी घसा साफ केला. “मी करतों. रोज करतों. तूं नुसती ऐक.”

तिकडून टक, टक. नख फोनवर आपटल्याचा आवाज. अप्पांनी डोळे पुसले, चष्मा घातला, आणि सुरू झाले. वांगी महाग झाली. नदीला पाणी सोडलंय. कोपऱ्यावरचा वैद्य पोराकडे दिल्लीला गेला, बरं झालं, औषधं कधी लागूच पडली नव्हती त्याची. मध्ये मध्ये टकटक यायची, आणि ती कुठे हो आहे, कुठे हसणं आहे, ते त्यांना कसं कळत होतं कोण जाणे. कॉफीवर साय धरली.

मी दारातच उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि फोन माझ्या बाजूला सरकवला.

“तूं बोल. आपलं बोल.”

मी खाली बसले. काय बोलायचं ते सुचेना, म्हणून आज काय रांधणार ते सांगितलं, आमच्या मराठीत, जसं येतं तसं. तिकडून जोरजोरात टकटक आली.

अप्पा फोनच्या अगदी जवळ वाकले होते. “ऐकलंस?” ते मला म्हणाले. “चूक काढतेय तुझी.”